काळी पाच, काळी चार, पांढरी तीन

गेल्या महिन्यात एका वाचकाने इटालियन संगीतकार पुच्चिनी ऐकायला कुठून सुरुवात करावी असं विचारलं होतं. मी दोन ओळींत ‘तोस्का’ या ऑपेराचं नाव सुचवलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक पत्रं एकाच माणसाबद्दल आहेत: रोमचा पोलीसप्रमुख बॅरन स्कार्पिया. म्हणून या वेळचं सदर त्याच्यावरच.

ज्यांनी ऑपेरा पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी कथा. १७ जून १८०० ची दुपार. रोममधल्या सांतांद्रेआ देल्ला वाल्ले या चर्चमध्ये मारिओ कावारादोस्सी नावाचा चित्रकार मेरी मॅग्डलिनचं चित्र रंगवतो आहे. तुरुंगातून पळालेला राजकीय कैदी आंजेलोत्ती तिथे येऊन लपतो आणि चित्रकार त्याला आपल्या बागेतल्या विहिरीत लपायची जागा दाखवतो. स्कार्पिया माग काढत येतो. चित्रकाराची प्रेयसी तोस्का ही नावाजलेली गायिका आहे, देवभोळी आणि चटकन संशय घेणारी. स्कार्पियाला कैदी हवा आहे, आणि तोस्काही. रात्री आपल्या दालनात तो चित्रकाराचा छळ करून तोस्काकडून विहिरीचं ठिकाण काढून घेतो. मग चित्रकाराच्या जिवाच्या बदल्यात तिलाच मागतो. ती त्याच्याच जेवणाच्या टेबलावरच्या सुरीने त्याला मारते. पहाटे कास्तेल सांतांजेलो किल्ल्याच्या गच्चीवर चित्रकाराला गोळ्या घालण्याचं फक्त नाटक होणार असतं. गोळ्या खऱ्या निघतात. तोस्का तटावरून उडी घेते.

आता पत्रं.

‘मी सांगलीत पेटी शिकतो. दुष्ट माणसाचं संगीत कर्कश असेल अशी माझी अपेक्षा होती. पण स्कार्पिया येतो तेव्हा वाजणारं संगीत भारदस्त आहे, एकेक सूर सुटा ऐकला तर गोडच. तरी छातीत धस्स होतं. हे कसं?’

तुम्ही पेटी शिकता हे वाचून फार बरं वाटलं, कारण याचं उत्तर पेटीवरच मिळतं. मला ते तिथेच मिळालं. १९७४ साली माझ्या वडिलांचे एक पारशी स्नेही ग्रँट रोडला राहत. त्यांच्याकडे ला स्काला थिएटरच्या वाद्यवृंदाने १९५३ साली केलेलं ‘तोस्का’चं ध्वनिमुद्रण होतं, जाड पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवलेल्या तबकड्या. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, नाट्यगीतांची साथ करणारी. ऑपेरा म्हणजे आरडाओरडा असं माझं मत होतं. त्यांनी सुई टेकवली आणि पहिल्या काही क्षणांतच मी बसल्या जागी सरळ झाले. घरी येऊन रात्री मी ते सूर पेटीवर शोधत बसले. आई दोनदा उठून आली. शेवटी सापडले.

तुम्हीही वाजवून बघा. मंद्रातली काळी पाच, तिच्याबरोबर मध्यातली पांढरी दोन आणि पांढरी चार, तिन्ही एकदम दाबा. काळी पाचला सा मानलंत तर हे सा-ग-प आहे, स्वच्छ शुद्ध. आता मंद्रातली काळी चार, मध्यातली पांढरी एक आणि काळी दोन. पुन्हा सा-ग-प, फक्त सा काळी चारवर सरकला. आता मंद्रातच पांढरी तीन, काळी चार, पांढरी सात. तिसऱ्यांदा सा-ग-प. तिन्ही कॉर्ड्स सुट्या वाजवल्या तर कुठल्याही शाळेच्या प्रार्थनेत शोभतील. एकामागोमाग एक, भाता भरून, पूर्ण जोरात वाजवा. झाला स्कार्पिया.

तुमचं छातीतलं धस्स या तिघांच्या नात्यातून येतं. पहिल्या कॉर्डच्या सा वरून पाहिलं तर मुळांची वाट अशी आहे: सा, मग खालचा कोमल निषाद, मग खालचा तीव्र मध्यम. सा आणि तीव्र मध्यम यांच्यामध्ये सप्तकाचे बरोबर दोन अर्धे होतात. यमनात तोच तीव्र मध्यम आपण किती प्रेमाने लावतो. तिथे पंचम जवळ उभा असतो, षड्ज वाट बघत असतो आणि तंबोरा पाठीशी असतो. इथे तीव्र मध्यमाला परत नेणारं कुणी नाही. तो आला तो स्वतःच सा होऊन बसला, आपल्या गंधार-पंचमासह. आधीचा सा कुठे गेला हे विचारायची सोय नाही. कान क्षणभर पोरका होतो. ती भीती तिथली आहे. पुच्चिनीने एकही बेसूर सूर वापरलेला नाही.

मला यात या माणसाचा सगळा स्वभाव दिसतो. तो दिसायला, बोलायला, वागायला कुठेही चुकत नाही. ऑपेराला वेगळी नांदी नाही, पडदा वर जाण्याआधी या तीन कॉर्ड्स गर्जतात आणि तो मात्र येतो निम्मा अंक सरल्यावर. तोवर आपण त्याच्याबद्दल फक्त ऐकतो. चित्रकार आंजेलोत्तीला सांगतो, हा भक्तीच्या आडून वासना पुरवणारा माणूस, कबुली ऐकणारा धर्मगुरूही हाच आणि फास आवळणारा जल्लादही हाच. मग चर्चमधली गाणारी पोरं नेपोलियन बोनापार्ट हरल्याच्या बातमीने नाचत, ओरडत असतात आणि दारात तो उभा राहतो. त्या तीन कॉर्ड्स. सगळे गप्प. त्याचं पहिलं वाक्य काय आहे? चर्चमध्ये हा गोंगाट, छान आदर ठेवता! देवळात शांतता पाळा, असं सांगत तो आपल्यासमोर येतो. चुकीचं काय बोलला? काहीच नाही.

थोड्या वेळाने तोस्का येते तेव्हा तो पवित्र जलाच्या पात्रात बोटं बुडवतो आणि तीच ओली बोटं अदबीने तिच्यापुढे करतो. ती हात लावते, क्रूसाची खूण करते. मग तो तिला एक पंखा दाखवतो. तो आंजेलोत्तीच्या बहिणीचा, मार्केझा आत्ताव्हांतीचा. भावाला वेष बदलायला तिने कपडे ठेवले होते, त्यांतला राहून गेलेला. स्कार्पिया तो अशा बेताने दाखवतो की तोस्काला वाटावं, आपला प्रियकर तिला इथे भेटत होता. ती रडत निघून जाते आणि तो तिच्या मागावर माणसं पाठवतो.

आता पहिल्या अंकाचा शेवट, ज्यासाठी मी हे ऑपेरा आयुष्यभर ऐकत आले आहे. विजयाबद्दल देवाचे आभार मानायला ‘ते देउम’ हे स्तोत्र सुरू होतं. घंटा वाजू लागतात, दोनच सुरांत, आलटून पालटून: काळी पाच आणि पांढरी चार. काळी पाचच्या सा ने म्हणाल तर सा आणि प. तंबोऱ्याची आठवण यावी इतकं सरळ. मिरवणूक येते, गर्दी वाढते, किल्ल्यावरून तोफ धडाडते, ऑर्गन भरून येतो. आणि या सगळ्याच्या मध्यभागी हा माणूस स्वतःशी गातो आहे: एकाला फास, दुसरी माझ्या मिठीत. घंटांचा सा तोच त्याच्या पहिल्या कॉर्डचा सा. चर्चच्या आधारसुरावर उभा राहून तो आपला बेत रचतो आणि ते एकमेकांत इतके मिसळतात की वेगळे काढता येत नाहीत. शेवटी तो भानावर येतो, म्हणतो की तोस्का, तू मला देवाचा विसर पाडतेस, आणि गुडघे टेकून सगळ्यांबरोबर स्तोत्र म्हणू लागतो. अंगावर काटा येतो तो इथे. तो गर्दीत मिसळला आणि गर्दीला त्याच्यात वेगळं काही दिसलं नाही.

हे सगळं बेतून केलेलं आहे. स्तोत्र रोमच्या चर्चमध्ये कोणत्या चालीवर म्हणतात हे पुच्चिनीने तिथल्या एका धर्मगुरूकडून मिळवलं. तिसऱ्या अंकातल्या पहाटेसाठी तो किल्ल्यावर जाऊन घंटा ऐकून आला, आणि सेंट पीटर्सच्या सर्वांत मोठ्या घंटेचा नेमका सूर कोणता हे त्याने शोधून काढायला लावलं. तो निघाला खर्जातली पांढरी तीन. तुमच्या तिसऱ्या कॉर्डचं मूळ.

‘हा स्कार्पिया इतिहासात होता का? आपल्याकडे घाशीराम कोतवाल खरोखर होऊन गेला, तसा? आणि ऑपेरातलं राजकारण खरं किती?’ (नाशिक)

घाशीराम खरा; १७९१ साली पुण्यात लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. स्कार्पिया कागदावर जन्मला. व्हिक्तोरियाँ सार्दू या फ्रेंच नाटककाराने १८८७ साली सारा बेर्नार या अभिनेत्रीसाठी लिहिलेल्या नाटकातला हा माणूस, मूळचा सिसिलीचा. इल्लिका आणि जाकोझा यांनी त्यावरून पुच्चिनीसाठी संहिता रचली.

पण त्याच्याभोवतीचं रोम खरं आहे. १७९८ साली फ्रेंच फौजा आल्या आणि रोममध्ये प्रजासत्ताक आलं. वयोवृद्ध पोप सहावा पायस याला नेण्यात आलं, तो फ्रान्समध्येच वारला. १७९९ च्या सप्टेंबरअखेरीस प्रजासत्ताक कोसळलं आणि नेपल्सच्या राजाची माणसं शहरात शिरली. नवा पोप व्हेनिसमध्ये निवडला गेला आणि जुलै १८०० मध्ये रोमला पोचला. म्हणजे कथा घडते त्या जूनमध्ये रोमला स्वतःचा धनी नव्हता. शहर परक्या राजाच्या हाती, आणि प्रजासत्ताकाच्या बाजूने उभे राहिलेल्यांची धरपकड. अशा पोकळीत पोलीसप्रमुख हाच राजा होतो. ऑपेरातला आंजेलोत्ती हा त्या पडलेल्या प्रजासत्ताकाचा माजी कॉन्सल आहे. स्कार्पियाचं दालन ज्या पालाझ्झो फार्नेझेत आहे तो वाडा वारशाने नेपल्सच्या बूर्बों घराण्याकडे आलेला होता, त्यामुळे त्याला तिथे बसवण्यात सार्दूचं काही चुकलं नाही.

बातमीचा घोळही खरा. १४ जूनला मारेंगोच्या लढाईत दुपारपर्यंत ऑस्ट्रियन सेनापती मेलास जिंकल्यात जमा होता. संध्याकाळच्या सुमारास फ्रेंच सेनापती देसे आपली तुकडी घेऊन परतला, स्वतः मारला गेला, पण लढाई बोनापार्टने जिंकली. आधी विजयाची बातमी आणि मागून पराभवाची, यावर हे ऑपेरा उभं आहे. पहिल्या अंकातलं ते भव्य स्तोत्र मुळात एका चुकीच्या बातमीसाठी गायलं जातं.

माझी मुलगी काही वर्षं नोकरीनिमित्त रोममध्ये आहे. तिच्याकडे गेले की एक सकाळ मी यासाठी राखून ठेवते. ६४ नंबरची बस सांतांद्रेआच्या समोरून जाते. आत गेलं की डोक्यावर तो प्रचंड घुमट. आंजेलोत्ती लपतो ती आत्ताव्हांती घराण्याची खासगी प्रार्थनागृहाची खोली मात्र शोधू नका, ती तिथे कधीच नव्हती. पहिल्या वेळी मी एका म्हाताऱ्या सेवकाला विचारलं. त्याने न बोलता डावीकडच्या पहिल्या प्रार्थनागृहाकडे बोट केलं. ते बार्बेरिनी घराण्याचं. मी तिथे उभी राहिले. तिथून पालाझ्झो फार्नेझे चालत काही मिनिटांवर. आता तिथे फ्रान्सचा दूतावास आहे. पहिल्या मजल्याच्या खिडक्यांखाली, चौकातल्या कारंज्याच्या काठावर बसून मी डबा खाल्ला. मारेंगो जिंकणाऱ्यांचा झेंडा आज स्कार्पियाच्या वाड्यावर आहे, हे तिथे बसल्यावर जाणवलं आणि मला फार समाधान वाटलं.

आणखी एक गोष्ट. हे ऑपेरा पहिल्यांदा झालं ते रोममध्येच, तेआत्रो कोस्तान्झीत, १४ जानेवारी १९०० रोजी. प्रेक्षकांत राजकारणी होते, राणी मार्गेरिता पहिल्या अंकानंतर आली. थिएटरात बॉम्ब पडेल अशी धास्ती होती. सुरुवातीलाच प्रेक्षागृहात गलका उठला तेव्हा पडदा पाडून पुन्हा आरंभ करावा लागला. त्याच वर्षी २९ जुलैला राजा उंबेर्तोचा मोन्झा इथे खून झाला. शंभर वर्षांपूर्वीच्या पोलिसाची गोष्ट बघायला आलेली ती माणसं मुळीच निश्चिंत नव्हती.

‘ऑथेल्लोमधला इयागो मोठा खलनायक की स्कार्पिया? आमच्या वाचनकट्ट्यावर यावरून वाद झाला.’ (ठाणे)

‘ऑथेल्लो’वरून बेतलेल्या देवलांच्या ‘झुंझारराव’मुळे रुमालाची ती गोष्ट आपल्याकडे १८९० पासून घरोघर माहीत आहे. स्कार्पियालाही माहीत आहे! पंखा हातात घेऊन तो म्हणतो, मत्सरी माणसाला बरबाद करायला इयागोकडे रुमाल होता, माझ्याकडे पंखा आहे. ओळ पात्राच्याच तोंडी आहे, म्हणजे तुमचा वाद त्याने स्वतःच सुरू करून ठेवला.

माझं मत विचाराल तर स्कार्पिया अधिक भयंकर. वेर्दीच्या १८८७ च्या ऑपेरात इयागोला एक स्वतंत्र गाणं आहे. त्यात तो उघड सांगतो की माझा एका क्रूर देवावर विश्वास आहे आणि मी दुष्ट आहे. त्याने जगाशी काडीमोड घेतला आहे. स्कार्पिया असं काही म्हणत नाही. जगाच्या सगळ्या श्रद्धा त्याला मान्य आहेत, तो त्यांच्या पहिल्या रांगेत बसतो. शिवाय इयागोला हवालदारासारखा हुकूम देता येत नाही, त्याला कुजबुजावं लागतं. स्कार्पियाकडे शिक्का आहे.

वाद संपणार नाही, मला ठाऊक आहे. चालू ठेवा.

‘नाव छापू नये. मी एका कार्यालयात काम करते. माझे एक वरिष्ठ दार लोटून घेत, स्वतः पाण्याचा ग्लास पुढे करत, “बसा हो, घाई कसली, आपण शांतपणे मार्ग काढू” म्हणत. मार्ग कोणता ते कधी शब्दांत बोलले नाहीत. मुलाने मोठ्या हौसेने “तोस्का” लावलं आणि दुसरा अंक मला अर्ध्यात बंद करावा लागला. एकच विचारते. तोस्का त्या मेलेल्या माणसाजवळ मेणबत्त्या का ठेवते? त्याच्यासाठी तिने काही का करावं?’

बाई, तुम्ही बंद केलंत ते योग्य केलंत. पुढचं कधीच पाहिलं नाहीत तरी चालेल. उत्तर देण्याआधी एवढंच लिहिते की तुम्ही जे ऐकलंत ते बरोबर ऐकलंत. तुमच्या मनाचे खेळ नव्हते.

दुसऱ्या अंकात शेजारच्या खोलीत चित्रकाराच्या कपाळाभोवती खिळ्यांचं लोखंडी कडं आवळलेलं असतं. तोस्का कोलमडते आणि विहिरीचं ठिकाण सांगून टाकते. त्यानंतर स्कार्पिया काय करतो? टेबलाशी येतो. माझं बापडं जेवण अर्धंच राहिलं, म्हणतो. बसा ना, आपण बोलू. ही स्पेनची वाइन, एक घोट घ्या, धीर येईल. तुमच्या पत्रातला पाण्याचा ग्लास वाचला आणि मी पेन खाली ठेवलं.

ती विचारते, किती? तो हसतो. मग कळतं की त्याला पैसा नको. याच अंकाच्या आरंभी, एकटा असताना, त्याने आपल्यापाशी कबूल केलेलं असतं: राजीखुशीच्या गोडव्यापेक्षा जबरदस्तीने मिळवण्याची चव मला अधिक, गिटारीवर सूर छेडणं मला येत नाही, हवं ते मिळवतो, पोट भरलं की फेकून देतो. हे तो तिला सांगत नाही, तिला फक्त अदब दिसते. ज्यांना बाहेरून फक्त अदब दिसते त्यांना पुढे सगळं समजावून सांगणं किती अवघड, हे तुम्हाला मी काय सांगणार.

आणि त्याचा शब्दही खोटा. तो तोस्कासमोरच हस्तकाला सांगतो, गोळ्या झाडण्याचं नुसतं नाटक करा, काउंट पाल्मिएरीच्या वेळी केलं तसं, समजलं ना? हस्तक म्हणतो, पाल्मिएरीसारखं. दोघांनाही ठाऊक आहे की पाल्मिएरी मेला. एक नाव, तीनदा उच्चारलेलं. आवाज कुठेही चढत नाही.

आता मेणबत्त्या. ही मूकक्रिया सारा बेर्नारच्या नाटकातून आली आहे. तोस्का आधी पाण्याने बोटं धुते, आरशात केस नीट करते, त्याच्या घट्ट मिटलेल्या मुठीतून सुटकेचा परवाना काढते. त्याच्यापुढे सगळं रोम कापत होतं, एवढं एकच वाक्य जवळजवळ बोलल्यासारखं, एका सुरावर. निघता निघता थांबते. दोन मेणबत्त्या पेटवून त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवते, भिंतीवरचा क्रूस काढून त्याच्या छातीवर ठेवते.

पुष्कळजण याला क्षमा म्हणतात, आणि त्याने मान टाकल्यावर तिच्या तोंडी क्षमेचे शब्द आहेतही. पण मला तिथे आणखी काही दिसतं. ही बाई पहिल्या अंकात चर्चमध्ये येते ती मेरीमातेसाठी फुलं घेऊन. तिचा देव खरा आहे. तिच्या देवाचं पाणी या माणसाने जाळ्यासारखं वापरलं, तिच्या देवाच्या स्तोत्रात उभं राहून बेत रचला. खोलीत तो क्रूस रोज भिंतीवर होता आणि त्याच्याखाली हे सगळं चाललं होतं. आता त्या वस्तू पहिल्यांदाच तिच्या हातात आल्या आणि तिने त्या जशा वापरायच्या तशा वापरल्या. मेलेल्याजवळ दिवा लावतात, म्हणून तिने लावला. त्याच्यामुळे आपण आपल्या रीती सोडल्या नाहीत. मी तरी ते त्याच्यासाठी केलेलं मानत नाही.

ऑपेराच्या बाहेरचं दोन ओळींत. दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती असणं २०१३ च्या कायद्याने सक्तीचं आहे. नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घटनेपासून तीन महिन्यांत अर्ज द्यावा लागतो, कारण असेल तर समिती मुदत वाढवू शकते. तारखा, वेळा, कोणते शब्द बोलले गेले, दाराजवळ कोण होतं, हे आजच वहीत लिहून ठेवा. तुमचं पत्र मी जपून ठेवलं आहे, कुणाला दाखवलेलं नाही.

‘मला इटालियन येत नाही. कोणाचा स्कार्पिया ऐकू? आणि त्या तीन कॉर्ड्स शेवटपर्यंत येतात का?’ (कोल्हापूर)

आवाज बॅरिटोनचा, म्हणजे पुरुषाच्या मधल्या पट्टीचा लागतो, आणि नुसता मोठा असून चालत नाही. स्तोत्राच्या वेळी त्याला संपूर्ण वाद्यवृंद, समूह आणि घंटा यांच्या वर गायचं असतं. जेवणाच्या टेबलावर मात्र शेजारच्या माणसाशी बोलावं तसं. माझा कौल तीतो गोब्बीला. वर सांगितलेल्या १९५३ च्या ध्वनिमुद्रणात तोच आहे, तोस्का मारिया कॅलास आणि चित्रकार ज्युझेप्पे दि स्तेफानो, वाद्यवृंद व्हिक्तोर दे साबाताच्या हाती. गोब्बी आणि कॅलास यांचा दुसरा अंक १९६४ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये चित्रितही झाला. भाषा येत नसेल तर आधी तो बघा. गोब्बी डोळ्यांनी गातो.

दुसरा पर्याय आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांचा. १९९२ च्या जुलैमध्ये रोममध्ये त्याच तीन वास्तूंत, संहितेत दिलेल्या वेळांना, ‘तोस्का’ थेट प्रक्षेपित झालं: दुपारी चर्च, रात्री वाडा, दुसऱ्या दिवशी पहाटे किल्ला. मेहता आणि वाद्यवृंद शहरात दुसरीकडे स्टुडिओत, गायक त्या जागांवर, दोघांना जोडायला फक्त पडदे आणि तारा. रुज्जेरो रायमोंदीचा स्कार्पिया तिथे थंड, उंच, सरदारी आहे. वाद्यवृंद नजरेसमोर नसताना गायकाने लय कशी धरली असेल याचा विचार साथ करणाऱ्या माणसाने जरूर करावा.

आणि तुमचा दुसरा प्रश्न. कॉर्ड्स त्याच्याबरोबर मरत नाहीत. तोस्काचं शेवटचं वाक्यसुद्धा त्याच्या नावाने आहे: स्कार्पिया, आता देवापुढे! पण मला तुम्हाला त्याआधीची एक जागा दाखवायची आहे, दुसऱ्या अंकाच्या अगदी शेवटी. मेणबत्त्या ठेवून झाल्या आहेत. वाद्यवृंदात त्याच तीन कॉर्ड्स येतात, या वेळी अगदी हलक्या. काळी पाचची, काळी चारची, आणि मग पांढरी तीनची. या तिसरीत गंधार उतरलेला असतो. पेटीवर पांढरी तीन आणि पांढरी सात तशाच धरा, आणि मधली काळी चार सोडून तिच्याखालची पांढरी पाच दाबा. भाता अगदी हळू. तिचा पायघोळ झगा दारातून बाहेर जाईपर्यंत बोट उचलू नका.